सार्वजनिक सायकल कोणाच्या भरवशावर?



कामगार चळवळीतल्या माणसाला वसंतातल्या व्याख्यानाला बोलावले, की तो बोनस, ठेकेदारी आणि संप यांपलीकडे काही बोलणार नाही असा एक समज आहे. चालकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही ‘सायकल’ असे सांगितले, तर त्यांना थोडे नवल वाटले. परंतु विषय आमच्या कामाबाहेरचा मुळीच नाही. कामगाराचा दिवस कारखान्याच्या फाटकापाशी सुरू होत नाही. तो पहाटे घरापाशी सुरू होतो, आणि फाटकापर्यंत पोचण्यात जो वेळ व जो पैसा जातो त्याची नोंद कोणत्याही हजेरीपटावर नसते.

गेली साठ वर्षे जगातली निरनिराळी शहरे एक प्रयोग करीत आली आहेत. नगरपालिकेने, कंपनीने किंवा आणखी कोणी सायकली रस्त्यावर ठेवायच्या. ज्याला हवी त्याने एका ठिकाणी घ्यायची, काम झाले की दुसऱ्या ठिकाणी ठेवायची आणि थोडेसे भाडे द्यायचे. सायकल कोणा एकाची नाही, वापर सर्वांचा. आपल्या महाराष्ट्रात पुणे महापालिकेने हा प्रयोग २०१७ साली केला. आज ना उद्या पालघर नगरपरिषदेपुढे किंवा बोईसर-तारापूरच्या औद्योगिक वसाहतीपुढे असाच प्रस्ताव घेऊन कोणी तरी येईल. सल्लागारांचा गुळगुळीत कागदावरचा अहवाल असेल, त्यात हिरवी झाडे आणि हसरी मुले असतील. त्या वेळी आपण गावकऱ्यांनी काय विचारावे, याचा विचार आधी करून ठेवलेला बरा.

प्रथम आपली गरज पाहू. २०१३ साली विरारची लोकल डहाणूपर्यंत आली आणि आपल्या पट्ट्याचे रूप पालटले. २०१४ च्या ऑगस्टमध्ये पालघर जिल्हा झाला. २०२१ साली जिल्ह्याचे मुख्यालय कोळगावला नव्या इमारतीत गेले. म्हणजे दाखल्यासाठी, सुनावणीसाठी, अर्जासाठी येणारा जव्हार-मोखाड्याचा माणूस पालघरला उतरला, तरी कचेरी अजून तीन-चार किलोमीटर पुढेच असते. बोईसरला उतरणाऱ्या कामगाराचेही तेच. स्टेशन एका बाजूला, कारखाने पश्चिमेला पसरलेले. आपल्या केळव्याचे तर विचारूच नका. स्टेशनचे नाव केळवे रोड. त्यातला ‘रोड’ हा शब्द रेल्वेने फार प्रामाणिकपणे ठेवला आहे. गाडी तुम्हांला केळव्याला सोडत नाही, केळव्याच्या रस्त्याला सोडते. पुढचे पाच-सात किलोमीटर तुमचे तुम्ही पाहा.

या मधल्या अंतराचा हिशेब आम्ही युनियनच्या बैठकीत अनेकदा मांडतो. शेअर रिक्षाचे एका फेरीचे वीस रुपये धरा. जाऊन-येऊन चाळीस, महिन्याचे सव्वीस दिवस. एक हजार चाळीस रुपये झाले. ठेकेदाराकडच्या कामगाराची ही सुमारे दोन दिवसांची मजुरी. म्हणजे महिन्यातले दोन दिवस तो केवळ कामावर पोचण्यासाठी काम करतो. जो हे पैसे वाचवतो तो चालतो. बोईसरच्या रस्त्यावर सकाळी सहा-साडेसहाला डबा हातात धरून चालणाऱ्यांची जी रांग दिसते, ती हौशी नाही.

आता कोणी म्हणेल, त्याने सायकल विकत घ्यावी. जो बोईसरातच राहतो त्याने घेतलेलीच आहे. पण जो सफाळ्याहून, वाणगावहून, विरारहून लोकलने येतो त्याची सायकल घरी असून काय उपयोग? ती लोकलच्या गर्दीत चढत नाही. त्याला सायकल हवी ती गाडीतून उतरल्यावर, आणि ती रात्रभर स्टेशनाबाहेर बेवारशी ठेवायची त्याची छाती होत नाही. येथे मालकीची सायकल अपुरी पडते आणि सार्वजनिक सायकलीचा विचार करावा लागतो.

तसा हा विचार आपल्याला परका नाही. येथे बसलेल्या पन्नाशीच्या पुढच्या प्रत्येकाने तासाच्या भाड्याची सायकल चालवली आहे. दांड्याखालून पाय घालून चालवायला शिकलो ती भाड्याचीच सायकल होती. कोपऱ्यावर दुकान असे. दुकानदाराची एक तेलकट वही असे. नाव, सायकलीचा नंबर आणि घड्याळातली वेळ एवढेच त्या वहीत लिहिलेले. अनामत रक्कम नव्हती, कारण दुकानदार तुमच्या वडिलांना ओळखत असे आणि ही अनामत कोणत्याही रकमेहून भारी होती. सायकल परत आली की तो तिच्याकडे एक नजर टाकी. हवा पाही, ब्रेक दाबून पाही, चाक गरगर फिरवून त्याचा आउट आला आहे का ते पाही. आला असेल तर तुम्ही तिथे उभे असतानाच पान्याने चार तारा ओढून चाक सरळ करी, आणि वर चार शब्द सुनावी ते वेगळेच.

मंडळी, हा सुनावणारा माणूस लक्षात ठेवा. आमच्या मते सार्वजनिक सायकलीचा सगळा इतिहास या एका माणसाभोवती फिरतो. तो जेथे होता तेथे योजना चालली आणि त्याला जेथे वगळले तेथे ती बसली.

हॉलंडमधल्या आम्स्टरडॅम शहरात १९६५ साली ‘प्रोव्हो’ नावाच्या बंडखोर तरुणांनी काही सायकली पांढऱ्या रंगाने रंगवून, कुलूप न लावता रस्त्यावर ठेवल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. कारण काय, तर कुलपाशिवाय सायकल ठेवणे हा तेथे गुन्हा होता! या तरुणांतल्या लूड शिमेलपेनिंक यांनी पुढे नगरपालिकेतही ही कल्पना मांडली, पण तिला मान्यता मिळाली नाही. त्यांची धडाडी आम्हांला आवडते. परंतु पांढरी सायकल पंक्चर झाली तर ती कोण काढणार, हे ठरलेले नव्हते. १९९५ साली कोपनहेगनने सुमारे हजार सायकली ठेवल्या. नाणे घातले की सायकल सुटे, परत जागेवर लावली की नाणे परत मिळे. ही योजना २०१२ पर्यंत चालली. २००७ च्या जुलैत पॅरिसने ‘व्हेलिब’ सुरू केली आणि मग जगभर लाट आली. पॅरिसचा सौदा समजून घेण्याजोगा आहे. नगरपालिकेने जाहिरातीच्या एका मोठ्या कंपनीला शहरातले सोळाशेहून अधिक जाहिरातफलक दिले आणि त्या बदल्यात कंपनीने सायकली चालवायच्या, असे ठरले. पहिल्या दोन वर्षांत हजारो सायकली चोरीस गेल्या, हजारो मोडल्या. तरीही योजना उभी राहिली, कारण दुरुस्ती करणारे शेकडो कामगार रोज रस्त्यावर होते.

पुढे काय झाले ते ऐका. येथे बसलेल्या ठेकेदारी कामगारांना ते ओळखीचे वाटेल. मुदत संपली, ठेका दुसऱ्या कंपनीकडे गेला. २०१८ च्या आरंभी नवी व्यवस्था सुरू होताना कित्येक महिने तिचा बोजवारा उडाला. जुन्या ठेकेदाराकडून नव्याकडे आलेल्या कामगारांनी त्याच वसंतात काम थांबवले, कारण रात्रीच्या कामाचा मोबदला आणि इतर अटी पहिल्यापेक्षा उतरल्या होत्या. ठेकेदार बदलला की माणूस तोच, काम तेच आणि पगार मात्र पहिल्या पायरीवर, हा प्रकार फ्रान्सातही असतो हे वाचून आम्हांला एक प्रकारचा खिन्न दिलासा मिळाला.

न्यूयॉर्कमध्ये २०१३ साली अशीच सेवा सुरू झाली. सायकली दुरुस्त करणारे आणि ट्रकातून इकडच्या तिकडे नेणारे कामगार वर्षभरात संघटित झाले, आणि २०१४ साली त्यांनी त्या शहरातल्या भुयारी रेल्वेच्या व बसच्या कामगारांच्या जुन्या युनियनमध्ये सामील होण्याचा कौल दिला. नंतर अमेरिकेतल्या इतर शहरांतही तसेच घडले. ही सेवा आजही चालू आहे. ‘युनियन आली की धंदा बुडतो’ असे म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण जरा जपून ठेवावे.

आता पुण्याकडे येऊ. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला जेथे सुरू केली ते हे शहर. सायकलींचे शहर म्हणूनही त्याचा लौकिक होता. १९६० नंतर आकुर्डीला स्कूटर बनू लागली, पगारदार माणूस स्कूटरच्या यादीत नाव घालून वर्षानुवर्षे थांबू लागला, आणि सायकल हळूहळू गरिबाची होत गेली. तिला परत आणायचे म्हणून महापालिकेने मोठा आराखडा केला. डिसेंबर २०१७ मध्ये तो मंजूर झाला. त्याच महिन्यात औंध भागात आणि विद्यापीठाच्या आवारात भाड्याच्या सायकली सुरू झाल्या.

पर्याय दोन होते. एक असा, की ठरावीक जागी लोखंडी खांब रोवायचे, सायकल त्यातूनच काढायची आणि त्यातच लावायची. याला खर्च लागतो, जागा लागते. दुसरा असा, की खांब नकोत, ठाणे नको. सायकलीलाच कुलूप, मोबाइलवर ते उघडायचे आणि काम झाले की सोईच्या जागी सायकल उभी करायची. पुण्याने दुसरा पर्याय घेतला. सायकली कंपन्यांच्या, सांभाळ कंपन्यांचा, महापालिकेने फक्त जागा द्यायची. तिजोरीतून पैसा जात नाही म्हटल्यावर सभागृहात फारसा विरोध कोण करणार? झूमकारची ‘पेडल’ आली, चीनमधून ‘ओफो’ आणि ‘मोबाइक’ आल्या, ‘यूलू’ आली. पिवळ्या, नारिंगी सायकली चौकाचौकांत दिसू लागल्या आणि लोकांनी त्या आवडीने वापरल्याही. हे आवर्जून सांगितले पाहिजे, कारण पुढे ‘आपल्या लोकांची लायकीच नाही’ असे म्हणणारे पुष्कळ निघाले.

कुलपे तोडली गेली, सीट काढून नेली गेली, कोणी सायकल आपल्याच सोसायटीच्या आवारात दडवली. हे सगळे झाले, ते आम्ही नाकारीत नाही. पण चोरी पॅरिसलाही झाली होती. पुण्याच्या योजनेचे पाय निराळ्याच ठिकाणी लटपटले. ओफो ही कंपनी जगभर सायकली पसरत सुटली होती, तिच्याकडचा पैसा आटला आणि २०१८ च्या जुलैत तिने हिंदुस्थानातला गाशा गुंडाळला. त्याच वर्षाच्या अखेरीस बीजिंगमध्ये तिच्या कचेरीपुढे अनामत परत मागणाऱ्यांच्या रांगा लागल्या. परताव्यासाठी नाव नोंदवणाऱ्यांची संख्या एक कोटीच्या वर गेली. मोबाइकनेही पुढच्या वर्षी आशियातल्या परदेशांतून माघार घेतली. २०१९ संपेपर्यंत पुण्याच्या रस्त्यांवरून त्या सायकली जवळजवळ दिसेनाशा झाल्या. पुणेकरांना सायकल हवी आहे की नको, हा प्रश्न पुण्यात सुटलाच नाही. तो बीजिंगमधल्या भांडवलदारांच्या हिशेबात सुटला.

महापालिकेचा खर्च शून्य होता हे खरे. म्हणूनच तिचा हक्कही शून्य होता. सायकली तिच्या नव्हत्या, त्या दुरुस्त करणारी माणसे तिची नव्हती, आणि कंपनी निघाली तेव्हा शहराच्या हाती मागे राहिले ते रिकामे रंगवलेले चौकोन. कोपऱ्यावरचा सायकलवाला, ज्याला हे काम वंशपरंपरेने येते, तो तर या साऱ्या योजनेत कोठेच नव्हता. त्याच्या दुकानापुढे बिघडलेली सायकल उभी असली तरी ती उघडण्याचा अधिकार त्याला नव्हता.

त्याच वर्षी, म्हणजे जून २०१७ मध्ये, म्हैसूरने ‘ट्रिन ट्रिन’ सुरू केली. सुमारे ४५० सायकली, गावभर ठाणी, ठाण्यावर लावायचे कार्ड. पैसा सरकारी आणि परदेशी अनुदानाचा. थाटमाट कमी, सायकली थोड्या; परंतु पुण्याच्या मानाने ती टिकली. चीनमधल्या हांगचौ शहराची योजना तर २००८ पासून नगरपालिकेच्याच कंपनीने चालवली, पहिला तास फुकट ठेवला आणि सायकली ऐंशी हजारांच्या वर नेल्या. ज्या देशातून ओफो आली त्याच देशात हेही घडले आहे, एवढे लक्षात घेतले म्हणजे ‘चिनी माल’ म्हणून हात झटकता येत नाहीत.

आता आपल्या पट्ट्याचा विचार. कारखान्यात काम केलेल्यांना टूलरूम ठाऊक आहे. तेथे एका फळीवर खिळे असतात, प्रत्येक कामगाराकडे नंबर कोरलेली पितळी टोकने असतात. मोठा पाना हवा असला की टोकन द्यायचे. स्टोअरकीपर ते पान्याच्या खिळ्यावर टांगतो आणि पाना हाती देतो. पाळी सुटताना पाना परत, टोकन परत. वर्षानुवर्षे हजारो हत्यारे अशी फिरतात आणि फार थोडी हरवतात. कामगार हा काही देवमाणूस असतो म्हणून नव्हे. खिडकीत स्टोअरकीपर बसलेला असतो, त्याला नंबर दिसतो आणि धार गेलेले हत्यार तो पुढच्या माणसाच्या हाती देत नाही. सार्वजनिक सायकलीची याहून चांगली पद्धत आम्हांला अजून कोणत्या पुस्तकात मिळालेली नाही. आणखी एक गोष्ट. रसायनांच्या कित्येक कारखान्यांत मोबाइल फाटकावर जमा करावा लागतो, आणि बारा तासांनी हातात येतो तेव्हा त्याची बॅटरी मेलेली असते. अशा माणसाला मोबाइलवर उघडणारे कुलूप देऊन काय करणार? त्याच्या गेटपासवर चालणारे टोकन द्या, काम भागते.

या धंद्यातला सर्वांत मोठा खर्च कोणता, तर सायकली ट्रकात घालून परत जागेवर नेण्याचा. शहरात सकाळी सारे एका दिशेला जातात. स्टेशनावरच्या सायकली संपतात आणि कचेऱ्यांपुढे ढीग लागतो. मग रात्री ट्रक फिरतो. न्यूयॉर्कचे कामगार हेच करतात. आता बोईसरचे गणित पाहा. सकाळची पाळी सात वाजता लागते. पावणेसातला तीनशे माणसे स्टेशनावरून सायकलींनी कारखान्याकडे आली असे धरा. सातला रात्रपाळी सुटते. तीही माणसे स्टेशनाकडेच जाणार. त्याच सायकली, अजून सीट गार झालेली नाही, उलट दिशेला निघाल्या. दुपारी तीनला तेच, रात्री अकराला तेच. ट्रकाचे काम पाळीच करून टाकते. जी तीन पाळ्यांची चाकोरी आम्हांला आयुष्यभर छळत आली, तिचा येथे मात्र उपयोग आहे. पुण्या-मुंबईच्या आयटीवाल्यांच्या वस्तीत ही सोय नाही, आपल्याकडे आहे. आणि ती कोणत्याही सल्लागाराच्या अहवालात येणार नाही, कारण सल्लागार रात्रपाळी करीत नाहीत.

केळव्याचे गणित निराळे. सकाळी गावची मुले पालघरला दांडेकर महाविद्यालयात जातात, कामकरी माणसे मुंबईकडे जातात. ते केळवे रोडला सायकल सोडतील. शनिवार-रविवारी पाहुणे उलट येतील. त्यांना शीतलादेवी, किल्ला आणि सुरूच्या बनातला रस्ता पाहायचा असतो. त्यांच्याकडून भाडे जरा जास्त घेतले तर गावकऱ्याला स्वस्त देता येईल. पण येथे एक शत्रू आहे तो खारा वारा. किनाऱ्यावरची साखळी आठ दिवस तेलाशिवाय राहिली की लाल होते, पंधरा दिवसांत अडकू लागते, छर्रे घासतात. तेलाचा डबा घेऊन रोज फिरणारा माणूस नसेल तर पहिल्या पावसाळ्यातच सारा ताफा भंगारात जाईल. आमच्या ओळखीचा एक जुना सायकलवाला सांगतो, की शंभर साध्या सायकली एका कारागिराला आणि एका मदतनिसाला नीट सांभाळता येतात, मात्र सायकली साध्या पाहिजेत. बाजारात ज्याचा सुटा भाग मिळत नाही अशी सायकल घेऊ नका, असे तो बजावतो.

म्हणून आमचे म्हणणे असे, की सायकली नगरपरिषदेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मालकीच्या असाव्यात आणि त्या चालवण्याचे काम स्थानिक सायकल दुरुस्ती करणाऱ्यांच्या सहकारी संस्थेकडे द्यावे. कल्पना नवी नाही. जर्मनीतल्या कामगार सायकलस्वारांनी १८९६ साली ‘सॉलिडारिटी’ या नावाची आपली संघटना काढली. ती इतकी वाढली की ओफेनबाख येथे सभासदांनी स्वतःचा सहकारी सायकल कारखाना चालवला. १९३३ साली नाझींनी ती मोडली. सहकाराचे आपल्याकडे काय होते हे आम्ही जाणतो. सोसायट्या काढणारे आणि बुडवणारे दोन्ही या तालुक्यांनी पाहिले आहेत. तरी सायकलीच्या दुरुस्तीत खाण्यासारखे लोणी फार थोडे असते, हे एक मोठे संरक्षण आहे.

पैसा कोठून? २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये मोठ्या कंपन्यांना नफ्यातला दोन टक्के भाग समाजकार्यावर खर्चावा लागतो. तारापूरच्या कारखान्यांनी यातून सायकली द्याव्यात. फळ्यावर हवे तर नाव लावून घ्यावे, पण सायकलीची मालकी गावाची. कारागिराचा पगार मात्र दानावर ठेवू नये, तो अंदाजपत्रकात असावा, किमान वेतनाच्या वर असावा, आणि संस्था बदलली तरी माणसाची सेवा अखंड धरली जावी. पूर्वी केंद्र सरकारच्या नोकरांना सायकलीसाठी बिनव्याजी उचल मिळत असे. सातव्या वेतन आयोगाच्या शिफारशीवरून २०१६ साली ती बंद झाली, आणि तिच्यासाठी कोणी डोळ्यांतून पाणी काढल्याचे आमच्या ऐकिवात नाही. सायकलीचा पैसा असा निमूटपणे जातो, म्हणून तो कागदावर घट्ट बांधून ठेवावा लागतो.

स्त्रियांचा विचार शेवटी करण्याची आपली खोड आहे, पण सायकली खरेदी करताना तो पहिल्या दिवशीच करावा लागतो. तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात १९९० नंतरच्या साक्षरता चळवळीत हजारो खेडवळ बाया सायकल शिकल्या, खाणीत आणि शेतात काम करणाऱ्या बाया. तेथे लेडीज सायकलींचा तुटवडा पडला तेव्हा त्यांनी पुरुषांच्या सायकली चालवल्या, पण गावाने खरेदी करायच्या सायकली पहिल्यापासूनच बिनदांड्याच्या घेतल्या तर त्या लुगड्यातल्या बाईलाही चालतात आणि लुंगीतल्या बाप्यालाही. आणि रात्री अकराला सुटणाऱ्या बाईला नुसती सायकल देऊन भागत नाही, रस्त्यावर दिवे लागतात.

आता आमच्या बाजूचा अवघड प्रश्न. रिक्षावाले आमचे भाऊ आहेत. काहींची संघटना बांधण्यात आम्ही स्वतः धडपड केली आहे. कर्जाचा हप्ता डोक्यावर असलेल्या माणसाला सायकलीची योजना म्हणजे पोटावर पाय वाटणार. त्यांचे नुकसान होणारच नाही, असे आम्ही त्यांच्या तोंडावर सांगणार नाही. सकाळच्या भरगच्च फेऱ्यांतल्या काही कमी होतील. पण जो आज चालतो तो त्यांचे गिऱ्हाईक नाही. आणि पावसाचे चार महिने, म्हातारी माणसे, सामान, आजारी माणूस, बाळंतीण हे सारे रिक्षाचेच राहणार आहे. योजना ठरवण्याच्या बैठकीत त्यांना पहिल्या दिवसापासून बसवावे. ठाण्यावरच्या नोकऱ्या देताना पन्नाशी उलटलेल्या, पाठीचे मणके झिजलेल्या रिक्षावाल्याला पहिला मान द्यावा, असा ठराव आम्ही मांडू. त्यांनी आम्हांला शिव्या घातल्या तरी बैठक तर झाली पाहिजे.

रस्त्याचे काय, असे कोणी विचारील, आणि विचारलेच पाहिजे. बोईसरच्या रस्त्यावर रसायनांचे टँकर धावतात. त्यांच्या शेजारून तीनशे सायकली सोडणे म्हणजे माणसे मारणे. पुण्यात २००६ नंतर बसमार्गांच्या कडेने सायकलमार्ग बांधले. कित्येक ठिकाणी ते तुटक राहिले, त्यांवर गाड्या उभ्या राहिल्या. आपल्याकडे रस्ता कोठे बांधकाम खात्याचा, कोठे औद्योगिक महामंडळाचा, कोठे जिल्हा परिषदेचा, आणि स्टेशनासमोरची जागा रेल्वेची. चार मालकांच्या दारी अर्ज करावे लागतील. स्टेशनापासून पहिल्या कारखान्यांपर्यंतचा एकच पट्टा, कठडा घालून वेगळा केलेला, आधी मिळवावा. तो मिळेपर्यंत बोईसरला एकही सायकल ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. केळवे रोडला आणि कोळगावच्या कचेरीसाठी मात्र पंचवीस-तीस सायकलींनी आरंभ करायला तेवढी वाट पाहण्याची गरज नाही.

मुंबई-पुण्यात आज भाड्याच्या विजेच्या लहान दुचाक्या दिसतात. पुण्यात सायकली घेऊन आलेली यूलू आता त्या चालवते; २०१९ साली बजाज ऑटोने तिच्यात भांडवल घातले. त्यांवर बसलेला मुलगा कोण, ते जरा पाहा. बहुतेकदा तो घरपोच सामान पोचवणारा असतो आणि गाडीचे भाडे स्वतःच्या कमाईतून भरतो. नागरिकांच्या सोईसाठी निघालेली गोष्ट कामगाराच्या खर्चाचे हत्यार बनली, ती अशी. पालघरला प्रस्ताव येईल तो बहुधा याच गाड्यांचा येईल. तेव्हा सभेत उठून विचारा: गाडी कोणाच्या मालकीची? बिघडली तर दुरुस्त करणारा माणूस कोठे बसणार, त्याला पगार कोण देणार आणि किती? कंपनी उठून गेली तर आमच्याकडे काय उरणार? उत्तर लेखी मागा.

प्रश्नोत्तरांसाठी वीस मिनिटे ठेवावीत अशी चालकांची सूचना आहे, आणि मागच्या बाकावर रिक्षावाले मित्र हात वर करून बसलेलेच आहेत. आम्ही येथे थांबतो.